दस्तगीरमामू आणि सरूबाईची निळी

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दहा परीक्षानळ्या अशा होत्या, की त्यांना हात लावायची सोय प्राचार्यांनासुद्धा नव्हती. खिडकीजवळच्या लाकडी स्टँडमध्ये त्या ओळीनं उभ्या असत. आत मोरचुदाचं पाणी. पहिल्या नळीत जेमतेम निळसर, दहावीत गर्द निळं. प्रत्येक नळीला बूच, बुचावर मेण आणि काचेवर मोत्यासारख्या अक्षरात आकडा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा कुठला प्रयोग? प्रयोगशाळेचे परिचर शेख दस्तगीर, म्हणजे आमचे दस्तगीरमामू, हातातलं फडकं खांद्यावर टाकून शांतपणे म्हणाले, "कोंबडीसाठी हाय, साहेब." साहेबांनी वहीत काहीच लिहिलं नाही.

मामू देगलूरचे. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा तिन्ही लिप्यांत. मामूंची शाळा सातवीत सुटली, पण अक्षर वडिलांचं आलं. त्या अक्षराचा त्यांना एवढा सोस की दिसेल त्या वस्तूला लेबल. आम्लांच्या बाटल्यांना लेबल हवंच, पण झाडूला, पाण्याच्या माठाला, स्वतःच्या डब्याला आणि माझ्या खुर्चीलाही त्यांनी लेबल लावलं होतं. भिंतीवरचं घड्याळ बिघडलं तेव्हा ते दुरुस्तीला देण्याऐवजी त्यांनी खाली चिठ्ठी डकवली, 'बंद आहे. विश्वास ठेवू नये.' वर्षभर ती तशीच होती आणि घड्याळापेक्षा तीच जास्त वाचली जायची.

मी नांदेडहून लातूरला आले ती जीवशास्त्राची ताजी पदवी घेऊन. पुस्तक पाठ होतं आणि जिवंत प्राणी म्हटलं की झुरळालाही लांबून नमस्कार. बेडकाचं विच्छेदन पोरांना मी फळ्यावर शिकवायचे आणि टेबलावर मामू. एखादी पोरगी घाईनं कात्री चालवायला लागली की ते हळूच म्हणायचे, "बाई, त्यो एकदा मेलाय. दुसऱ्यांदा कशाला मारून राहिलीस?" पोरगी हसायची आणि हात सावकाश व्हायचा. माझ्या चुकाही ते अशाच, कुणाच्या लक्षात येणार नाहीत अशा बेतानं सावरायचे. पहिलं वर्ष माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर कॉलेजातून औसा तालुक्यात मदतीचा ट्रक गेला. मामूंचं काम पोत्यांवर लेबलं लावण्यापुरतंच होतं, पण लेबलं लावून झाल्यावर ते पोत्यांबरोबर ट्रकमध्येच चढले. मीही होते. ज्या गावात उतरलो तिथं एक भिंत उभी नव्हती. त्या दिवसाबद्दल मला फार लिहिता येत नाही. एका पत्र्याच्या आडोशाला सरूबाई नावाची पन्नाशीची बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. तिच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं, असं शेजारच्या बाईनं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. आम्ही चादर पुढे केली, तिनं घेतली नाही. स्टोव्ह दिला, तिनं बघितलाही नाही. मग मामूंकडे टक लावून बघत तिनं विचारलं, तुमचं घर उभं हाय का? मामूंनी मानेनंच हो म्हटलं. तिनं कोंबडी उचलून त्यांच्या हातात दिली.

"हितं कुत्री लई झाली," ती म्हणाली. "ही निळी अंडी देते. घर झालं की नेते मी."

मामू "हाव" म्हणाले. बस्स. एवढाच करार.

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा फाडून लिहिलं, 'सरूबाई यांची. अमानत.' आणि दोऱ्यानं कोंबडीच्या पायाला बांधलं. कोंबडीनं औसा यायच्या आत ते लाथाडून टाकलं. मामूंनी तो पुठ्ठा खिशात ठेवला आणि पुढे कितीतरी वर्षं तो त्यांच्या पाकिटात मी बघितला आहे.

कोंबडी दिसायला काही खास नव्हती. उघड्या मानेची, करड्या पिसांची, चालताना उगाच तोऱ्यात. पण पंधरा दिवसांनी तिनं अंडं घातलं आणि मामू ते दोन्ही ओंजळीत धरून प्रयोगशाळेत आले. खरंच निळं होतं, आणि कोंबडीचं नावच निळी पडलं. मी म्हटलं, आभाळासारखं आहे. मामूंना ते पटलं नाही. आभाळ सकाळी एक असतं, दुपारी एक, मग कुठल्या आभाळासारखं? माप पाहिजे. म्हणून त्यांनी मोरचुदाच्या दहा नळ्या तयार केल्या, एकेक थेंब मोरचूद वाढवत. पांढऱ्या फरशीवर अंडं ठेवून, शेजारी एकेक नळी धरून, डोळे बारीक करून त्यांनी निकाल दिला. निळीचं अंडं चौथ्या नळीचं.

आता प्रश्न असा होता की घरं व्हायला वर्षं लागणार होती आणि कोंबडीचं आयुष्य ते केवढं. सरूबाई येईल तेव्हा निळी नसली तर? मामूंनी ठरवलं की निळी नसली तर तिची लेक द्यायची, पण अंडं चौथ्या नळीचंच पाहिजे. "बाई निळी अंडी देणारी कोंबडी देऊन गेली. आपन पांढरी अंडी देणारी कशी वापस करायची, मॅडम? ते बेइमानी होईल." हे एवढं सरळ होतं त्यांच्या दृष्टीनं. कॉलेजच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. तिथल्या अंगणात खुराडं उभं राहिलं, आणि त्याच्यावर अर्थातच लेबल लागलं.

निळी खुडूक होऊन अंड्यांवर बसली, पिल्लं झाली, पिल्लांच्या कोंबड्या झाल्या. तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, मामूंनी जिवापाड जपल्या. कोंबडे मात्र वाटून टाकले. प्राचार्यांना बढती मिळाली, एक कोंबडा त्यांना. कुणाच्या घरी बारसं, एक तिकडे. कॉलेजचे क्लार्क गंगाधरराव लोह्याकडचे, त्यांनी गावाकडे प्लॉट घेतला, एक त्यांना. अंडं कोंबडी घालते, कोंबड्याचा त्यात काय संबंध, असा मामूंचा हिशेब होता. आणि जीवशास्त्राची पदवी घेतलेली मी शेजारी उभी राहून त्या वाटपाला हसत होते.

निळीच्या लेकीचं अंडं दुसऱ्या नळीवर आलं. मामूंनी मेथी घातली, शेवग्याचा पाला घातला, खुराड्याचं तोंड पूर्वेला केलं. नातीचं अंडं पहिल्या नळीवर, तेही मामूंच्या डोळ्यांना, मला ते पांढरंच दिसत होतं. त्याच हिवाळ्यात भर दुपारी मुंगसानं निळीला नेलं. मामू दोन दिवस कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते थेट नळ्या पुसायला लागले.

त्याच काळात लातूर पार बदलून गेलं. परभणी, उदगीर, देगलूर, कुठून कुठून आयाबाया पोरांना घेऊन यायच्या, एकेक खोली भाड्यानं घ्यायच्या आणि बारावीपर्यंत स्वयंपाक करत बसायच्या. गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड, पहाटेपासून सायकलींच्या झुंडी. मीही कॉलेज सोडून क्लासमध्ये शिकवायला गेले. मामूंनी निरोप देताना एवढंच विचारलं, तिथं सूक्ष्मदर्शक हाय का? नव्हता. तीनशे पोरं होती आणि एक माईक.

या आयांमध्ये कुणीतरी उठवलं की निळ्या अंड्यानं स्मरणशक्ती वाढते. झालं. मामूंच्या दारात रांग. कुणी म्हणे आमच्या पोराला फक्त फिजिक्सपुरतं एक द्या. एका बाईंनी तर अंडं खरं की रंगवलेलं हे बघायला ओल्या अंगठ्यानं घासून पाहिलं, आणि मामूंचा जीव वरखाली झाला, कारण ते उबवायचं होतं. ते सगळ्यांना समजावून सांगायचे की अंडं घालणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी स्वतःचं खुराडं सापडत नाही, तिच्या अंड्यानं पाठांतर कसं होईल? कुणी ऐकेना. शेवटी फाटकावर पाटी लागली, 'अंडी मिळणार नाहीत. अभ्यास करावा.'

आणि एके दिवशी, तीनशे पोरांपुढे माईक धरून आनुवंशिकता शिकवत असताना, 'अर्धे गुण पित्याकडून' हे वाक्य मी निम्म्यातच थांबवलं. दरवर्षी म्हणत होते मी ते वाक्य. वाटाण्याच्या शेंगांबद्दल म्हणत होते. रंग कोंबड्याकडूनही येतो. कोंबडा अंडं घालत नाही म्हणून दिसत नाही, एवढंच. दोन वर्षं आम्ही परक्या कोंबड्यांशी गाठ घालून निळीचा रंग पातळ करत होतो आणि तिच्या मुलांना रश्शात घालत होतो. तास संपताच मी सायकल हाणत कॉलेजात गेले आणि मामूंना सांगितलं. ते स्टुलावर बसले.

"म्हंजी निळीचे पोरं मीच वाटले," ते म्हणाले. मला माझ्या पदवीची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चौकशी सुरू झाली. प्राचार्यांचा कोंबडा बढतीच्या रविवारीच संपला होता. बारशाचा बारशाला. गंगाधरराव मात्र मान खाली घालून म्हणाले की त्यांचा आहे. त्यांची लेक सुनीता बारावीला होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि गंगाधररावांच्या आईनं गावच्या पिराला कंदुरीचा नवस बोलला होता, पोरगी मेडिकलला लागू दे, हाच कोंबडा देईन. सुनीता पास झाली, पण मेडिकलला मार्क थोडे कमी पडले. म्हणून ती पुन्हा परीक्षेला बसत होती. नवस पुरा झाला नव्हता, म्हणून कोंबडा जिवंत होता.

आणि सुनीता माझ्याच क्लासमध्ये, पहिल्या बाकावर.

रविवारी मामू आणि मी एसटीनं लोह्याला आणि तिथून जीपनं गंगाधररावांच्या गावी गेलो. कोंबडा अंगणात होता. उघडी मान, पायाला लाल दोरा, आणि आपल्याला कुणी हात लावू शकत नाही हे पुरतं ठाऊक असल्यासारखा तो सगळ्यांच्या ताटात तोंड घालत होता. मामूंनी त्याच्या बदल्यात पाच कोंबडे देऊ केले. गंगाधररावांच्या आईनं मानेनंच नाही म्हटलं. पिराला बोललेला कोंबडा अंगणाबाहेर जात नाही आणि बदलत तर नाहीच. मी वाद घालायला तोंड उघडणार होते, पण मामूंनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

"बराबर हाय, माय. पिराचं ते पिराचं," ते म्हणाले. "पर आमची कोंबडी हितं आनून ठिवली तर?"

म्हातारीनं जरा विचार केला. "सोयरीक करून राहिलास काय?"

"हाव."

"नात्यात काय लागत्यात?"

"मामा-भाची."

"मंग चालतंय," ती म्हणाली.

येताना एसटीत मी मामूंना म्हटलं, नातीपेक्षा निळीची लेक आणली तर रंग लवकर गडद होईल, तिचं अंडं दुसऱ्या नळीचं आहे. मामूंनी खिडकीबाहेर बघत खालच्या आवाजात सांगितलं, "भाऊ-बहीन हायत ते, मॅडम. आमच्या देगलूरला मामा-भाची चालतंय लोकांत. हे न्हाई चालत कुठंच." शास्त्रापुढे हे काही टिकत नव्हतं, पण मीही पुढे बोलले नाही. मलाही ते जरा बरंच वाटलं.

तर निळीची नात सासरी गेली. गंगाधररावांच्या आईनं तिला खरोखर सुनेसारखं वागवलं. बाकीचे कोंबडे जवळ आले की ती काठी घेऊन उठायची. मी पुस्तकात वाचून कळवलं होतं की पहिल्या तीन आठवड्यांची अंडी धरू नका, ती आधीच्या कोंबड्याचीही असू शकतात. ती तिनं खाऊन टाकली आणि छान होती असा निरोप पाठवला. पुढची अंडी भुशात घालून, डब्यात बंद करून लातूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. मामू रोज स्टँडवर. एवढ्या गाड्यांमधून ते डबा घ्यायला धावायचे तेव्हा हमालही वाट द्यायचे. उसन्या आणलेल्या खुडूक कोंबडीखाली ती अंडी ठेवली आणि अकरा पिल्लं निघाली.

पण कोंबड्यात निळीचा रंग उतरला आहे की नाही, हे कोंबड्याकडे बघून कळत नाही. त्याच्या लेकी अंड्यावर येतील तेव्हाच कळणार, म्हणजे भर पावसाळ्यात. आणि बारावीचा निकाल त्याच्या आधी. रंग उतरला असेल तर कोंबडा पुढेही हवा होता, पुन्हा पुन्हा हवा होता. सुनीताचे मार्क कमी पडले तर तो राहणार होता. मी खरं लिहिते, सुनीताच्या वहीतली उत्तरं तपासताना एकदा माझ्या मनात ते येऊन गेलं. लगेच मी स्वतःवरच चिडले.

मामूंच्या मनात ते आलंच नाही, असं मी खात्रीनं सांगू शकते. सुनीताचं प्रात्यक्षिक कच्चं होतं, तिच्या हाताला घाई होती. रविवारी मामू प्रयोगशाळा उघडून तिच्याकडून सराव करून घ्यायचे, स्लाइडवर स्लाइड, बेडकावर बेडूक. मी एकदा गेले तर ते तिला सांगत होते, घाई करू नको, तुला कुनी मागं लागलं न्हाई. कोंबड्याचं नावही त्यांनी तिच्यापुढे काढलं नाही.

सुनीता लागली. नांदेडला, मेडिकलला. गंगाधरराव पेढे घेऊन आले तेव्हा त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, मामू, तुम्ही त्यांच्या आईला विनंती करा, दोन महिने थांबा म्हणा, पहिलं अंडं येईपर्यंत. त्या ऐकतील तुमचं.

मामूंनी हातातली नळी पुसून स्टँडमध्ये ठेवली. मग म्हणाले, "ऐकतील. म्हनूनच न्हाई विचारायचं. त्यांचा नवस हाय तो. आपलं लेबल तिथं कसं लावायचं?"

कंदुरीला आम्ही दोघं गेलो. पिराच्या ओट्यासमोर लिंबाखाली पंगत बसली, अर्धा गाव होता. सुनीता हातानं वाढत होती आणि सारखी हसत होती. मामूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ज्वारीची भाकरी कुस्करून घेतली, रस्सा दोनदा मागितला. तुकडे मात्र त्यांनी गुपचूप माझ्या ताटात सरकवले. मी खाल्ले. काय करणार?

श्रावणात एका सकाळी मी क्लासला निघाले होते, तर मामू माझ्या दारात. ते कधी कुणाच्या घरी न सांगता जात नसत. रुमालात काहीतरी गुंडाळलेलं. आम्ही सरळ कॉलेजात गेलो. पांढरी फरशी, त्यावर अंडं. त्यांनी पहिली नळी धरली, मग दुसरी, तिसरी. चौथी त्यांनी माझ्या हातात दिली, तुम्हीच धरा म्हणाले. रंग तंतोतंत तो होता. त्यांनी फडक्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ ते तोंडावरच ठेवलं.

दसऱ्यानंतर आम्ही सरूबाईच्या नव्या गावी गेलो. घरं झाल्याचं मामूंना कळलं होतं, त्या बाजूच्या प्रत्येक कंडक्टरला ते तीन वर्षं विचारत होते. एकसारखी घरं, दारांवर आकडे, झाडं अजून गुडघ्याएवढी. सरूबाई उंबऱ्याशी डाळ निवडत होती. केस सगळे पिकले होते. मामूंनी तिच्यापुढे टोपली ठेवून झाकण काढलं. ती वाकून बघत राहिली.

"ही ती न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई, माय. ती गेली. मुंगसानं नेली. मला राखता आली न्हाई." हे वाक्य त्यांनी वर्षभर मनात घोळवलं असणार, कारण ते एका दमात बाहेर आलं. "ही तिचीच हाय. बापाकडनं नात, आईकडनं पनती. अंडं तसंच देते."

सरूबाईनं कोंबडीला बाहेर काढून मांडीवर घेतलं. उघड्या मानेवरून बोट फिरवलं. अंड्याचं तिनं काहीच विचारलं नाही.

"आनि किती हायत तिच्या मागं?"

भूकंपानंतर हा प्रश्न तिला स्वतःला कितीजणांनी विचारला असेल, कागद पुढे धरून. मामू म्हणाले, लई हायत, माय, अंगण भरून हायत.

"बस हितं," ती म्हणाली. "एकेकीचं सांग."

मामू पायरीवर बसले आणि पहिल्या खेपेच्या पिल्लांपासून सांगायला लागले. कोण कुणाची, कुणाची मान उघडी, कोण भांडखोर, कोण लोह्याला सासरी राहून आली. सरूबाई मध्येच थांबवून विचारायची, ही धाकटी का थोरली, आईवर गेली का बापावर? मला संध्याकाळच्या तासाला लातूर गाठायचं होतं. मी निघते म्हटलं, तर दोघांनी माना डोलवल्या, पण माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मामू मला पुढेही अनेकदा भेटले, निवृत्त होऊन देगलूरला गेले, तिथून त्यांची सुबक अक्षरातली पत्रं यायची. पण आठवतात ते त्या पायरीवरचेच. रस्त्याच्या वळणावरून मी मागं बघितलं, तर सरूबाई बोटांच्या पेरांवर एकेक नाव धरत होती, कुठंतरी चुकली असावी, आणि मामू तिला पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.